नुसतं म्हणायला काय जातं?

मावशींच्या नाकात नळी होती, उजव्या हाताला सलाईन. मी पायथ्याशी स्टुलावर बसले होते. चर्चच्या मंडळीतून पाच जण भेटायला आले. प्रार्थना झाली, चांगली मोठ्याने झाली. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग कुणीतरी विचारलं, "कसं वाटतंय, मावशी?"

"रात्रभर दुखतं गं. डोळ्याला डोळा लागत नाही."

"असं बोलू नका! नकारात्मक शब्द तोंडातून काढायचाच नाही. म्हणा, 'ख्रिस्ताला बसलेल्या फटक्यांनी मी बरी झाले आहे.'"

मावशी गप्प.

"म्हणा ना. नुसतं म्हणायला काय जातं?"

मावशी पुटपुटल्या. ते पुरेसं मोठ्याने नव्हतं म्हणून त्यांना परत म्हणावं लागलं. सगळे 'आमेन' म्हणाले आणि समाधानाने निघाले. पावलांचा आवाज जिन्यापर्यंत गेला तशा मावशी मला म्हणाल्या, "दार लावून घे गं. आता जरा दुखू दे मला."

आलेले पाचही जण प्रेमाने आले होते, हे आधी सांगून टाकते. त्यातल्या दोघींनी मावशींच्या उशाशी रात्री जागून काढल्या होत्या. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांना शिकवलेल्या एका सूत्राबद्दल आहे. विश्वासणारा तोंडाने जे बोलतो ते घडतं; म्हणून आजार असेल तर 'बरा झालो' म्हणा, कर्ज असेल तर 'फिटलं' म्हणा, आणि 'दुखतंय', 'जमत नाही', 'भीती वाटते' असले शब्द ओठांवर येऊ देऊ नका, कारण तेही घडतात. व्यासपीठावरून, घरगुती प्रार्थना गटांतून, सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या 'आजच्या घोषणे'तून हे सूत्र इतकं मुरलं आहे, की ज्या मंडळ्या ते शिकवत नाहीत तिथलीही माणसं बोलता बोलता एकमेकांना गप्प करतात.

शब्दाला ताकद आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र आपण ती भलत्या ठिकाणी शोधतो, आणि जिथे ती खरोखर असते तिथे बिनधास्त जीभ सोडतो.

शब्दाला ताकद नाही असं ख्रिस्ती माणसाला म्हणताच येणार नाही. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव बोलल्याचा उल्लेख दहा वेळा येतो. ना हत्यार, ना कच्चा माल. नुसतं बोलणं, आणि प्रकाश होतो. हिब्रूतल्या 'दाबार' या एकाच शब्दाचा अर्थ बोल असाही होतो आणि गोष्ट किंवा घटना असाही. योहान तर आपल्या शुभवर्तमानाची सुरुवातच शब्दापासून करतो. म्हातारा, डोळे गेलेला इसहाक फसवणुकीत का होईना याकोबाला आशीर्वाद देऊन बसतो. मागाहून एसाव येऊन ऊर फुटेस्तोवर रडतो, तरी तो आशीर्वाद परत घेता येत नाही. दिला तो दिला. मराठीत आपणही शब्द देतो, पाळतो, मोडतो, झेलतो, कुणासाठी तरी टाकतो. शब्दाला वजन असतं हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

पण ही क्रियापदं जरा नीट बघा. शब्द द्यायला घेणारा लागतो. झेलायला टाकणारा लागतो. एकट्याने, भिंतीकडे बघून, शब्द देता येत नाही. शब्दाची ताकद दोघांच्या मधे असते. ती दगडावर, गाठीवर किंवा बँकेतल्या शिलकेवर चालवायची कळ झाली, की शब्द पातळ होतो. मग उरते ती बोलाची कढी आणि बोलाचाच भात.

या शिकवणीचं सर्वांत लाडकं वचन म्हणजे नीतिसूत्रे 18:21. जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे. हे वचन भिंतीवर लागतं, कपावर छापलं जातं, आणि त्याचा अर्थ असा लावला जातो की तू स्वतःबद्दल जे बोलशील ते तुला होईल. आता तोच अध्याय वरपासून वाचा. ऐकून घेण्याआधी उत्तर देणारा मूर्ख. फिर्याद आधी मांडणाऱ्याचं खरं वाटतं, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. दुखावलेला भाऊ तटबंदीच्या शहरापेक्षा अवघड. सगळं वातावरण वेशीवरच्या न्यायनिवाड्याचं आणि भाऊबंदकीचं आहे. तिथे मरण जिभेच्या हाती असणं ही अलंकारिक भाषा नव्हतीच. दोन साक्षीदारांच्या बोलण्यावर माणसाला धोंडमार होई. नाबोथाचं काय झालं आठवा. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, तो देईना. ईजबेलीने दोन अधम माणसं त्याच्यासमोर बसवली. त्यांनी सांगितलं, याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. झालं. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. हे आहे जिभेच्या हातातलं मरण. नाबोथ 'मी जगणार, मी जगणार' म्हणायला विसरला म्हणून तो मेला नाही. दुसरे खोटं बोलले म्हणून मेला.

दुसरं लाडकं उदाहरण शुनेमच्या बाईचं. मुलगा तिच्या मांडीवर मेला आहे. ती त्याला अलीशा संदेष्ट्याच्या पलंगावर निजवते, दार लावते, गाढवावर खोगीर चढवते. वाटेत अलीशाचा सेवक गेहजी विचारतो, तू बरी आहेस ना, नवरा, मुलगा बरा आहे ना? ती म्हणते, सगळं ठीक आहे. बघा, म्हणतात प्रचारक, मेलेल्या मुलाची आई तोंडातून नकारात्मक काढत नाही, म्हणून मुलगा उठला! पुढची ओळ मात्र वाचत नाहीत. अलीशासमोर पोचल्यावर ती त्याचे पाय धरते. गेहजी तिला ढकलायला येतो, आणि अलीशा म्हणतो, तिला सोड, तिच्या जिवाला फार क्लेश झाले आहेत. मग ती जे बोलते त्यात गोड काहीच नाही: मी तुमच्याकडे मुलगा मागितला होता का? मला फसवू नका, असं मी म्हटलं नव्हतं का? गेहजीला तिने वाटेला लावलं, एवढाच त्या 'ठीक आहे'चा अर्थ. परक्या माणसाला रस्त्यात आपण सगळेच तसं उत्तर देतो. ज्याला सांगायचं त्याला तिने सगळं सांगितलं. मला तर या गोष्टीतला गेहजी हुबेहूब ओळखीचा वाटतो. रडणाऱ्या माणसाला देवाच्या माणसापासून दूर ढकलणारा, मनाने वाईट नसलेला मदतनीस.

मार्क 11:23 मधला डोंगरही असाच अर्धवट उचलला जातो. 'या डोंगराला म्हणाल तसं होईल' एवढं पाठ असतं. त्याच्या आधीचं वाक्य देवावर विश्वास ठेवायला सांगतं, आपल्या विश्वासावर किंवा आपल्या बोलण्यावर नाही. आणि दोनच ओळी पुढे येशू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. डोंगर हलवण्याच्या घोषणा मी कितीतरी ऐकल्या. त्यांच्या शेवटी 'आता शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला क्षमा करा' असं सांगितलेलं क्वचितच. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातही जे नाही त्याला असल्यासारखं हाक मारणारा देव आहे, अब्राहाम नव्हे. अब्राहामाबद्दल तिथे पुढे आजच्या बहुतेक भाषांतरांत असं म्हटलं आहे की त्याने आपल्या शंभरीला टेकलेल्या, निर्जीव झालेल्या देहाकडे पाहिलं आणि तरीही विश्वास सोडला नाही. पाहिलं! डोळे मिटून घेतले नाहीत.

ही शिकवण आली कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ती प्रेषितांइतकी जुनी असल्यासारखी मांडली जाते. तिचा पाया अमेरिकन प्रचारक ई. डब्ल्यू. केन्यन (1867–1948) यांच्या लेखनात आहे. केन्यन 1892 मध्ये बॉस्टनच्या इमर्सन वक्तृत्व महाविद्यालयात शिकत होते. त्या काळी त्या शहराच्या हवेत मनाच्या आणि विचारांच्या बळावर रोग बरे होतात असं सांगणारी 'न्यू थॉट' चळवळ भरून होती. तिचा केन्यनवर नेमका किती परिणाम झाला यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. पुढे केनेथ हेगिन (1917–2003) यांनी 'जे बोलाल ते मिळेल' हे सूत्र घरोघरी नेलं. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. या शिकवणीला विरोध फक्त कोरड्या, चमत्कार न मानणाऱ्या पंथांनी केला असता तर समजू शकलं असतं. पण 1980 मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने, म्हणजे आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या, अन्य भाषा बोलणाऱ्या लोकांनीच, अधिकृत निवेदन काढून तिच्या टोकाच्या दाव्यांबद्दल सावध केलं. ज्यांनी रोगमुक्ती पाहिली होती त्यांनाही हे सूत्र खटकलं.

शब्दाने काम कसं होतं याचा एक फार सुंदर विचार इंग्लंडच्या जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने मांडला आहे. 1955 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्याने दाखवलं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती बोलली की कृतीच होते. 'मी वचन देतो', 'मी माफी मागतो', 'या जहाजाला मी अमुक नाव देतो.' पण अट आहे. जहाजाला नाव द्यायला ज्याला नेमलं आहे त्यानेच ते म्हणायला हवं. रस्त्याने जाणारा कुणी बाटली हिसकावून तेच वाक्य कितीही जोरात म्हणाला तरी जहाजाला नाव मिळत नाही. शब्द तेच, आवाज खणखणीत, काम शून्य.

प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये हेच घडतं. स्किवा नावाच्या यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे इफिसात भुतं काढत फिरत असत. प्रेषित पौलाच्या तोंडून ऐकलेलं नाव त्यांनी सूत्र म्हणून उचललं: पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ. दुष्ट आत्म्याने विचारलं, येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या माणसाने सातही जणांना असं झोडपलं की ते उघडे, रक्तबंबाळ होऊन त्या घरातून पळाले. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी हसू येतं आणि मग थोडं थांबतं. त्यांचा उच्चार चुकला नव्हता. ज्याचं नाव घेतलं त्याच्याशी त्यांची ओळख नव्हती.

आणि याची दुसरी बाजू चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत उघडी पडली. रोमी सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्माधिकाऱ्यांनी घाबरून पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले होते. मग प्रश्न आला, अशा माणसाने दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्मा धरायचा का? डोनॅटिस्ट नावाच्या कडव्या गटाचे लोक म्हणाले, नाही. देणारा शुद्ध हवा. मोठ्या मंडळीने, आणि पुढे बिशप ऑगस्टीनने, उत्तर दिलं की 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' म्हटलेला शब्द त्या तोंडाच्या मालकीचा नाही, बाप्तिस्मा ख्रिस्त देतो. आज ज्यांच्या 'तोंडच्या शब्दात अभिषेक आहे' म्हणून त्यांच्या सभांना गर्दी लोटते, त्यांच्या गळ्यात बांधावं असं हे उत्तर आहे. दुर्बळ पाळकाच्या तोंडूनही देव काम करतो आणि खणखणीत पाळकाचाही शब्द त्याचा स्वतःचा नसतो.

आता त्या 'कबुली'कडे येऊ. या शिकवणीत सकारात्मक कबुली हा मोठा शब्द आहे. मराठीत कबुली कोण देतो? ज्याला ती महागात पडणार असते तो. गुन्ह्याची कबुली, कर्जाची कबुली, चुकीची कबुली. कबुलीने माणसाला काही मिळालं असं आपण ऐकत नाही, गेलं असंच ऐकतो. आणि गंमत म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांचा अनुभवही तोच होता. 112 च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमी अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजानला लिहितो की तो आरोपींना तीनदा विचारतो, तू ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा हो म्हणणाऱ्याला मृत्युदंड. जो नाही म्हणेल त्याने देवतांचा धावा करायचा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा; जे खरेच ख्रिस्ती असतात त्यांच्याकडून यातलं काहीही करवून घेता येत नाही, असं ऐकल्याचं तो नोंदवतो. एका शब्दावर जीव.

साधारण 155 च्या सुमारास स्मुर्णा शहरात पॉलीकार्प या वृद्ध बिशपला पकडून नेत होते. वाटेत पोलीस अधिकारी आणि त्याचा बाप यांनी त्याला आपल्या गाडीत शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं, 'कैसर प्रभू आहे' असं म्हणायला आणि थोडा धूप जाळायला काय हरकत आहे? सुटशील. म्हातारा ऐकेना तसं त्यांनी त्याला गाडीतून उतरवून दिलं, ते इतक्या घाईने की त्याची नडगी सोलवटली. पुढे क्रीडांगणात त्याने सांगितलं, 86 वर्षं मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही. माझ्या राजाची निंदा कशी करू?

नुसतं म्हणायला काय जातं, हा प्रश्न इतका जुना आहे. पॉलीकार्पला ठाऊक होतं की जातं. मनात नाही ते ओठावर आणलं की आतलं काहीतरी मोडतं. म्हणून मावशींकडून ते वाक्य दोनदा वदवून घेतलं गेलं तेव्हा मला नुसतं अवघडल्यासारखं वाटलं नाही, भीती वाटली. देवासमोर खरं बोलायची त्यांची सत्तर वर्षांची सवय आम्ही त्या पलंगावर मोडायला निघालो होतो.

कारण त्या सवयीला शास्त्रातच भक्कम आधार आहे. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्यांची आहेत, असं अभ्यासकांची ढोबळ मोजणी सांगते. किती वेळ, परमेश्वरा? तू झोपलास का? तोंड का लपवतोस? नकारात्मक बोलायचं नाही हा नियम लावला तर उपासनेच्या पुस्तकातलं एवढं पान फाडून टाकावं लागेल. दुःखाने घेरलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांनी सर्वांत चांगलं काम केलं ते पहिले सात दिवस आणि सात रात्री, जेव्हा ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले होते. नंतर ते बोलू लागले, धर्मशास्त्राला धरून, अगदी व्यवस्थित. आणि शेवटी देव म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब यथार्थ!

गेथशेमाने बागेत येशू तीन मित्रांना सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. वधस्तंभावर तो 22 व्या स्तोत्राचा आरंभ ओरडतो, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ती हाक त्याच्या बोलीत, अरामी भाषेत, जशीच्या तशी जपली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आजच्या नियमाने ही नकारात्मक कबुली ठरते. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणी 'असं म्हणू नकोस' म्हणाल्याची नोंद नाही. ते फक्त चुकीचं ऐकत होते, त्यांना वाटलं तो एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय.

पौलाची पत्रं तर आजारी माणसांनी भरली आहेत. आपला शिष्य तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे असं तो सांगतो, घोषणा कर असं नाही. सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं. दुसरा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं ते काटा निघाल्याचं नव्हतं. हे सगळं त्याने लिहून पाठवलं. लपवलं नाही.

यावर मला कुणी विचारेल, मग माणसाने रडतच बसायचं का? धीर द्यायचाच नाही? हा प्रश्न खोटा नाही. निराश माणसाला चांगला शब्द सापडला तर तो उभा राहतो, हे मी पाहिलं आहे. मी स्वतः तशीच उभी राहिले आहे. 42 व्या स्तोत्रात गाणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. वचन मोठ्याने म्हणण्यात बळ आहे. पण तो गाणारा आधी सांगून मोकळा झाला आहे की रात्रंदिवस माझे अश्रू हेच माझं अन्न. खिन्न जिवाशी बोलायचं तर तो खिन्न आहे हे आधी मान्य करावं लागतं. 'देव तुझ्याजवळ आहे' हा धीर झाला. 'तुला दुखत नाहीये' हा धीर होत नाही. आणि बरं वाटलं नाही तर दोष पुन्हा त्या आजाऱ्याच्याच जिभेवर येतो. कुठेतरी तू शंकेने बोलला असशील. दुखण्यावर हा वरून दंड.

आता ज्या जिभेला खरंच आवर घालायला हवा तिच्याबद्दल. मावशींच्या खोलीतून बाहेर पडलेल्या त्या पाचांपैकी एकीने व्हरांड्यात मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "प्रार्थनेसाठी सांगतेय हं, त्यांच्या थोरल्याच्या घरात काहीतरी चाललंय. त्याशिवाय एवढं दुखणं येत नाही." 'मला दुखतंय' हे वाक्य मनाई होतं. हे वाक्य चाललं. 'प्रार्थनेचा विषय' या गोंडस नावाखाली आपण किती घरं उघडी पाडतो याचा हिशोब कुणी ठेवत नाही, आणि येशूने सांगितलं आहे की माणसं जो प्रत्येक व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशोब द्यावा लागेल. नव्या करारातला याकोब आपल्या पत्रात जिभेला आग म्हणतो, सुकाणू म्हणतो, घोड्याचा लगाम म्हणतो. त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: ज्या तोंडाने देवाचा धन्यवाद त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप. स्वतःच्या तापाबद्दल काय म्हणावं यावर याकोबाचं म्हणणं इतकंच आहे की आजारी असाल तर मंडळीच्या वडीलजनांना बोलवा. बोलवायचं तर आजारी आहे म्हणावं लागतं! आणि उघड्यानागड्या भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या' असं म्हणून काहीच न देणाऱ्याची त्याने जी टर उडवली आहे ती तर थेट घोषणा करणाऱ्यांवरच बेतल्यासारखी वाटते.

इजिप्तच्या वाळवंटातल्या अब्बा अगाथोन या संन्याशाची एक आठवण सांगतात. गप्प राहायला शिकण्यासाठी त्याने तीन वर्षं तोंडात गारगोटी धरली होती. ते आपल्याच्याने होणार नाही. पण 1935 मध्ये धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर जर्मनीत फिंकेनवाल्डे इथे तरुण पाळक तयार करत होता तेव्हा त्याने एक नियम घातला होता, तो घरी नेण्यासारखा आहे. जो भाऊ खोलीत नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आणि बोललं गेलंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. मुलांनी तो नियम मोडला, पुन्हा पाळला, पुन्हा मोडला, आणि त्या मोडण्या-पाळण्यातून ते प्रवचनांइतकंच शिकले असं त्याच्या एका विद्यार्थ्याने नंतर लिहून ठेवलं. 1937 मध्ये हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, ती शाळा बंद केली. मी तो नियम एक आठवडा करून पाहिला. मंगळवारपर्यंत मला दोघांना फोन करावे लागले, आणि दुसरा फोन फार कठीण गेला.

मंडळ्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. साक्षीच्या वेळी अर्धी साक्षही चालू द्यावी. आत्ता फक्त ज्यांचं काम झालं तेच माइकपुढे येतात. ज्याचं अजून झालं नाही, ज्याला उत्तर आलेलं नाही, त्यालाही उभं राहून 'मी अजून वाट पाहतोय' एवढं म्हणता यायला हवं आणि लोकांनी त्यावर लगेच टाळ्या किंवा घोषणा न करता बसून ऐकायला हवं. दुसरं, जो देवाच्या नावाने 'तुला अमुक होईल' असं सांगतो त्याने झालं नाही तर त्याच माणसापुढे येऊन उत्तर द्यावं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ही कसोटी स्वच्छ लिहिलेली आहे. 2020 च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल छातीठोक भाकितं करणाऱ्या संदेष्ट्यांपैकी काहींनी पुढच्या जानेवारीत जाहीर माफी मागितली आणि त्यांना आपल्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. माफी मागणाऱ्यांचा मला आदर वाटला. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची भाकितं सुरू केली.

त्या दुपारी दार लावल्यावर मावशी बराच वेळ कण्हल्या. मग म्हणाल्या, "वाच काहीतरी. पण घोषणेचं नको." मी 88 वं स्तोत्र काढलं. हे स्तोत्र असं, की ते शेवटी वळत नाही. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी कुठेतरी स्तुतीला लागतात, हे लागत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. वाचून झाल्यावर मी थांबले. मला वाटलं, चुकलंच आपलं, आजारी माणसाला काय वाचून दाखवलं.

मावशींचे डोळे मिटलेले होते. "हे लिहिणारा कोण गं?"

"हेमान म्हणून होता, एज्राही."

"आणि हे पुस्तकात राहू दिलं त्यांनी?"

"राहू दिलं."

"परत वाच," त्या म्हणाल्या.